ओट्यावर उघडं राहणारं बायबल

बायबल घ्यायला गेलं की दुकानदार जिल्द दाखवतो, झिप दाखवतो, सोनेरी कडा दाखवतो. मी आधी पुस्तक मधोमध उघडून काउंटरवर ठेवते आणि हात काढून घेते. उघडं राहिलं तरच पुढची बोलणी. दोन्ही हात कणकेत असलेल्या बाईला आपोआप मिटणाऱ्या पुस्तकाचा काही उपयोग नाही, मग त्याच्या कडा सोन्याच्या असोत की चांदीच्या.

हे लिहितेय ते मोठ्या अक्षरांच्या मराठी पवित्र शास्त्राबद्दल. जुना आणि नवा करार एकत्र, भाषांतर आपल्याकडे उपासनेत वाचतात तेच जुनं, काळी लवचीक जिल्द, दोन रकाने, पानाच्या तळाशी संदर्भ, मागे नकाशे. घेतलं सासूबाईंसाठी, नागपुरातल्या सदरमधल्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे, आणि जुन्या बायबलची बारीक अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायला लागली होती. पण आज विचाराल तर ते पुस्तक जास्त वेळ माझ्याजवळ असतं, स्वयंपाकघरात, मिक्सरच्या पलीकडच्या कोपऱ्यात.

आता कोणी म्हणेल, बायबल वाचायची जागा स्वयंपाकघर आहे का? महिला मंडळात वर्षानुवर्षं एकच सल्ला ऐकत आलेय: पहाटे उठा, दार लावून घ्या, तासभर एकांतात प्रभूजवळ बसा. सल्ला खोटा नाही. प्रभू येशू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण आमचं घर दोन खोल्यांचं. यांची ड्युटी अजनीला; पहिली पाळी असली की साडेपाचला डबा तयार लागतो. त्याआधी पाण्याची टाकी, दूध, सासूबाईंची रिकाम्या पोटीची गोळी. एकांत म्हणाल तर फक्त बाथरूममध्ये, आणि तिथंही कोणीतरी दार वाजवतंच. हा सल्ला देणाऱ्या बहुतेक पाळकांचा डबा दुसरं कोणीतरी भरत असतं, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

तर पोळ्या करताना वाचते. अक्षर एवढं ठळक आहे की उभ्याने, दोन हात अंतरावरून, चष्मा न लावता दिसतं. पोळी तव्यावर टाकून ती फुगेपर्यंत एखाद-दोन वचनं होतात. ११७ वं स्तोत्र दोनच वचनांचं, एका पोळीत अख्खं. ११९ व्याला १७६ वचनं आहेत, ते सासरची सगळी मंडळी जेवायला आली असतील त्या दिवसासाठी राखून ठेवावं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला बसले की नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रं बरी पडतात, कारण त्याची वाक्यं लांबलचक, आणि एक जुडी निवडून होईपर्यंत एक वाक्य संपतं. असं तुकड्यातुकड्याने वाचलेलं डोक्यात राहत नाही असं मला सांगण्यात आलं होतं. माझा अनुभव उलटा आहे. सकाळी अर्धवट सुटलेलं वचन दिवसभर मागे लागतं; भांडी घासतानासुद्धा पुढे काय असेल हेच डोक्यात घोळत असतं.

सासूबाईंना हे पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं.

"काऊन वो, गाऊनवर शास्त्र वाचून राहिली? डोक्यावर पदर नाही, हाताले पीठ. देवाचं वचन आहे ते, रेसिपीचं पुस्तक नाही व्हय."

"आई, पदर घेतला असता तर गॅसवर गेला असता."

हे उत्तर त्यांना पटलं नाही, आणि पटावं तरी कसं. त्यांच्या पिढीने शास्त्र हात धुऊन, चटईवर बसून, पदर घेऊनच उघडलं. प्रार्थनेच्या वेळी बाईने डोकं झाकावं हे करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आहे, आणि आमच्याकडे चर्चमध्ये सगळ्याच बायका पदर नाहीतर ओढणी घेतात. त्यातून शेजारच्या काकू एक दिवस विरजण मागायला आल्या आणि ओट्यावरचं पुस्तक बघून थबकल्या. त्या श्रावणात पोथी वाचतात. आंघोळ, धुतलेलं पातळ, पाट, समई, आणि वाचून झाली की पोथी पुन्हा लाल कापडात. पानावर हळदीचा डाग म्हटल्यावर त्यांनी सरळ सासूबाईंची बाजू घेतली. दोघी म्हाताऱ्या एकीकडे, मी एकीकडे, आणि मधल्या मधे विरजण बाजूलाच राहिलं.

शेवटी तह झाला तो असा. डोक्याला स्वच्छ रुमाल बांधायचा (उन्हाळ्यात घाम टिपायलाही कामी येतो), पुस्तकाखाली धुतलेलं फडकं, आणि पीठ असलेल्या बोटांनी पान उलटायचं नाही. मी करंगळीच्या पेराने उलटते, ते जमतं. हे कागद पातळ असतात, ओल्या बोटाला चिकटून फाटतात, म्हणून तसंही हेच बरं. तरी फिलिप्पैकरांच्या पत्रावर, दुसऱ्या अध्यायाच्या मार्जिनमध्ये, हळदीचा एक अंगठा उमटलेलाच आहे. तो पुसत नाही. सासूबाई तिथं आल्या की पान जरा जोरात उलटतात.

कागदाचा विषय निघालाच आहे तर नागपूरकरांसाठी एक खास सूचना. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि घरोघरी कूलर चोवीस तास चालू असतो. कूलरसमोर हे पुस्तक ठेवाल तर यशयापासून थेट मलाखीपर्यंत एका झुळकीत पोचाल. त्यावर मी पापडाचं लाटणं आडवं ठेवते. दुसरा त्रास दमटपणाचा. खसच्या ताट्यांतून येणारी हवा ओलसर, चार-सहा दिवसांत पानांना लहरी पडतात आणि पुस्तक फुगून जिल्दीच्या बाहेर डोकावतं. उन्हाळाभर रात्री ते कपाटात, दोन जाड पुस्तकांच्या मधे दाबून ठेवायचं. सकाळी बरंचसं सरळ होतं, सगळं नाही. पावसाळ्यात मात्र काही त्रास झाला नाही.

या पुस्तकाचा खरा फायदा मला तळाच्या संदर्भांचा झाला. मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आहे, आणि बायकांच्या सभेत ती दर वर्षी एकदा तरी येतेच. मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था कामात गढलेली, ती तक्रार करते आणि तिलाच समज मिळते. भाषण संपलं की मागे चहा-समोसे कोण वाटतं? मार्थाच. एकदा पोळ्या झाल्यावर, तवा गार होईपर्यंत, मी त्या गोष्टीखालचे संदर्भ धरून योहानाच्या शुभवर्तमानाकडे गेले. अकराव्या अध्यायात त्यांचा भाऊ गेलेला आहे, मरीया घरात बसून आहे आणि प्रभूला भेटायला गावाबाहेर निघते ती मार्था. तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, हे तिथं स्पष्ट शब्दांत बोलते तीही मार्थाच. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याची अशीच कबुली सगळ्यांना पाठ असते, हिची कोणी काढत नाही. आणि बाराव्या अध्यायात पुन्हा जेवण आहे, आणि वाढतेय कोण, तर पुन्हा मार्था! या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही. माझं वाचन असं की प्रभूने तिचं काम थांबवलं नाही, तिची चिडचिड थांबवली. पुढच्या सभेत मी हे बोलले तेव्हा समोशांच्या प्लेटा घेऊन उभ्या असलेल्या दोघी-तिघी मान डोलवत होत्या. पाळकबाईंनी विषय बदलला.

जुन्या, बारीक अक्षरांच्या बायबलमध्येही संदर्भ होतेच. पण ते मुंगीच्या पायाएवढे. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये शोधायला कोण जातं.

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायाबद्दलही थोडं. सद्गुणी स्त्री. लग्नात, मदर्स डेला, महिला रविवारी, कुठेही गेलं तरी ही बाई आपल्या आधी पोचलेली असते. रात्र असतानाच उठते, लोकर कातते, शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, रात्री तिचा दिवा विझत नाही. ऐकूनच पाठ दुखते. मोठ्या अक्षरांत सावकाश वाचलं तेव्हा दोन गोष्टी ठसल्या. एक, तिच्याकडे दासी होत्या, पंधराव्या वचनात स्पष्ट आहे. माझ्याकडे भांड्याला येणारी मावशी आहे, आणि सोमवारी तिची दांडी ठरलेली. दुसरी जास्त महत्त्वाची. अध्यायाच्या पहिल्याच वचनात म्हटलंय की हे लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलं. म्हणजे हा पाठ आईने मुलाला दिलेला आहे. मग मी तो माझ्या मुलाला वाचायला लावला, मोठ्याने, रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत. बारावीतला पोट्टा, वाचता वाचता गालातल्या गालात हसत होता. वाचून झाल्यावर मी त्याच्यासमोर लसणाची वाटी ठेवली. आता लसूण सोलायचं काम त्याच्याकडे आहे. कुरकुर करत सोलतो, पण सोलतो.

इफिसकरांच्या पाचव्या अध्यायावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे. स्त्रियांनी पतीच्या अधीन असावं हे २२ वं वचन यांना तोंडपाठ आहे. त्याच्या आधीचं २१ वं, एकमेकांच्या अधीन राहा असं सांगणारं, आणि २५ वं, ज्यात नवऱ्याने बायकोवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करायची आहे, स्वतःला देऊन टाकण्यापर्यंत, ही मात्र दर वेळी मलाच वाचून दाखवावी लागतात. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलल्या: "बरोबर वाचून राहिली ते. आयक जरा."

सासूबाईंच्या डोळ्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आधी मी त्यांना वाचून दाखवायचे, दुपारी जेवणं आटोपली की. रूथचे चारही अध्याय असेच दोघींनी मिळून वाचले होते. रूथची विधवा सासू नामी म्हणते मला आता मारा म्हणा, म्हणजे कडू, तिथं त्या गप्प झाल्या होत्या. सासरे जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नवं पुस्तक आलं आणि त्या स्वतः वाचायला लागल्या, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. "आता मले सम्दं दिसते," असं शेजारपाजारी सांगत फिरल्या. आनंदच झाला, पण आमची दुपारची बैठक मोडली हेही खरं. वर पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोघी. त्यांना ते हवं असतं नेमकं मी सांबार निवडायला बसते तेव्हा. हल्ली आम्ही एकच पुस्तक मधे ठेवतो, त्या वाचतात, मी निवडते. एखाद्या कठीण नावावर अडकल्या की "हे कोण व्हय?" म्हणून बोट तिथंच ठेवून थांबतात. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास पौलाने नावानिशी सांगितलाय, ते त्यांना भलतंच आवडलं. बापाचं नाव तिथं नाही. हे त्यांनी मुलाला, म्हणजे यांना, जेवताना ऐकवलं.

त्यांचं जुनं बायबल टाकून दिलेलं नाही. त्याच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं शाईने लिहिलेली आहेत, आणि एक नोंद २९ नोव्हेंबर १९७० ची, नागपुरात वेगवेगळे चर्चपंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं त्या दिवसाची. तेव्हा त्या शाळकरी होत्या, ती गर्दी त्यांना अजून आठवते. नव्या पुस्तकात अशी नोंदीची पानं नाहीत. ही मला मोठीच उणीव वाटते. शेवटी नकाशांमागच्या अर्ध्या कोऱ्या पानावर सासूबाईंच्या नातीच्या बाप्तिस्म्याची तारीख लिहिली, पण पौलाच्या प्रवासाशेजारी ती जरा अवघडल्यासारखी दिसते.

बाकीच्या तक्रारी पटापट. रिबन एकच, घरात वाचणारे चार. मी जुन्या साडीची किनार कापून तीन पट्ट्या मागच्या बाजूला शिवल्या, प्रत्येकाचा रंग वेगळा. वजन बरंच आहे. चर्चला नेत नाही, तिथं माझं लहान बायबल पुरतं. झिपचं कव्हर वेगळं घेतलं होतं, एका दुकानातून, नाव सांगत नाही. झिपचे दात पहिल्याच नाताळाआधी गेले. अनुक्रमाचे चिकटपट्टीचे टॅबही घेऊ नका, बोट लागून लागून सुटतात आणि मागे चिकटा राहतो, त्यावर चकलीचं पीठ बसतं. डिसेंबरात करंज्या-अनारशांच्या धांदलीत माझं लूकचं शुभवर्तमान असं पीठमय झालं होतं.

मुलगी म्हणते एवढा भार कशाला, फोनवर सगळं फुकट आहे, वाचूनही दाखवतं. आहे, आणि रात्री अंधारात मी तेही ऐकते. पण ओट्यावर फोन ठेवला की स्तोत्राच्या मधोमध तिच्याच शाळेच्या ग्रुपवरचा निरोप उगवतो, आणि मग मी शाळेच्या सहलीच्या पैशांचा विचार करत पोळी जाळते. शिवाय कणकेच्या बोटाला फोन ओळखत नाही.

किमतीबद्दल तक्रार नाही. एवढ्या जाडजूड पुस्तकाच्या मानाने कमीच आहे. आणि छापलेलं बायबल मराठी बाईच्या हातात यायला काय काय लागलं हे आठवलं तर आणखीच कमी वाटते. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरी यांच्या छापखान्यातून मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत निघालं. पुढे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं, शिकलेल्या-न शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायलाही मुक्तीतल्या बायकाच होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात येऊन कितीतरी मुलींना घेऊन गेल्या होत्या, म्हणजे आपल्याच भागातल्या लेकी. माझ्या हातातली प्रत त्या भाषांतराची नाही, तरी ओट्यावर पुस्तक उघडताना त्या खिळे जुळवणाऱ्या बायका मला आठवतात. त्यांच्याही बोटांना शाई लागत असणारच, आणि कोणी त्यांना गाऊनवरून बोललं नसावं.

घ्यायचं असेल तर दुकानात हे बघा. पुस्तक वरून पाहा: पानांचे जुडगे दुमडून दोऱ्याने शिवलेले दिसले तर बांधणी शिवलेली, सपाट गोंदाचा थर दिसला तर चिकटवलेली. चिकटवलेलं घेऊ नका, ओट्यावर उघडं राहत नाही आणि जबरदस्तीने दाबलं की उत्पत्ती सुटून हातात येते. मग तीन ठिकाणी उघडून बघा: सुरुवातीला निर्गम, मधे स्तोत्रं, शेवटी प्रकटीकरण. मधे सगळीच उघडी राहतात, टोकाला परीक्षा असते. माझी प्रत निर्गमाला जरा मिटू बघते, तिथं लाटणं लागतं. ज्यांची मनगटं दुखतात त्यांनी नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढंच मोठ्या अक्षरांत मागावं, निम्म्याहून कमी वजनात काम होतं. घरात सासू-सून दोघी वाचणाऱ्या असतील आणि दोघींची दुपारची वेळ एकच असेल, तर एक प्रत घ्यायची की दोन हे आधी सासूबाईंना विचारा. आमच्याकडे मी दुसरी आणते म्हटलं, तर त्यांनी नको म्हटलं.